रिकामा स्लॉट वाया जात नाही

रणांगणात मुख्यालय आणि त्याच्या हाताखालच्या तुकड्या ज्या रेडिओ लिंकवर एकमेकांशी बोलतात, त्या लिंकची क्षमता आकड्यांत सांगितली की ऐकणाऱ्याचा आधी विश्वासच बसत नाही. लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एका चॅनेलची रुंदी साधारण ३ किलोहर्ट्झ असते आणि त्यावर अनेक दशके रुळलेल्या लष्करी मानकानुसार डेटा जातो तो सेकंदाला ७५ ते २४०० बिट या वेगाने. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने हे ऐकले आणि तो म्हणाला, "मामा, आमच्या मोबाइलवर अख्खा पिक्चर उतरतो अन् फौजेला एक फोटू धाडायला पाव घंटा लागतो, असं कसं?" त्याला दिलेले उत्तर बरेच लांबले. त्यातला कामाचा भाग, म्हणजे एवढी तोकडी क्षमता सगळ्यांत कशी वाटायची, इथे नीट मांडून ठेवतो.

मी फौजेच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संपर्क सांभाळणाऱ्या शाखेत, नोकरी केली आणि आता पाथरी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली शेती करतो. पुढे येणारे सारे आकडे जाहीर मानकांतले आणि पाठ्यपुस्तकांतले आहेत. नोकरीतले काहीही इथे येणार नाही, कोणी विचारूही नये.

मोबाइलशी तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. मोबाइलच्या हातातल्या संचाला फक्त जवळच्या टॉवरपर्यंत पोहोचायचे असते. टॉवरच्या मागे बहुतेक ठिकाणी फायबर असते, वीज असते आणि तो टॉवर जागचा हलत नाही. फौजेच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. टॉवर उभारला तर शत्रूचे पहिले लक्ष्य तोच असतो. अँटेना गाडीवर किंवा पाठीवर मावेल एवढीच, बॅटरी माणूस वाहील तेवढीच, आणि बटण दाबले की आपण कुठे आहोत हे शत्रूच्या दिशाशोधक यंत्राला सांगितल्यासारखेच होते. त्यात शत्रू मुद्दाम गोंगाट सोडतो, म्हणून व्हीएचएफचे संच ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला शंभराहून अधिक वेळा वारंवारिता बदलत उड्या मारतात. बिघडलेले बिट दुरुस्त करता यावेत म्हणून बरेच जादा बिट सोबत पाठवावे लागतात, तो खर्च वेगळाच. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवून दिले की चॅनेलची क्षमता त्याची रुंदी आणि सिग्नल व गोंगाट यांचे प्रमाण यांवर ठरते, आणि त्या मर्यादेपलीकडे कितीही हुशार यंत्रणा जाऊ शकत नाही. नव्या मानकांनी ४८ किलोहर्ट्झपर्यंतची रुंदी वापरून एचएफवर सेकंदाला २,४०,००० बिटपर्यंत मजल मारली आहे, हे खरे. पण एवढा रुंद पट्टा गर्दीच्या एचएफमध्ये मोकळा सापडायला हवा, आणि तो सापडेल अशी आशा धरून कोणी युद्धाची आखणी करत नाही.

तेव्हा २४०० बिट धरूनच हिशेब करू. ३०० किलोबाइटचा एक फोटो म्हणजे २४ लाख बिट, म्हणजे १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद, आणि तेही एकही चूक न होता. भाच्याचा पाव घंटा तसा बरोबरच होता. आता दुसरे उदाहरण घ्या. एका मुख्यालयाला आपल्या १०० गाड्यांची स्थिती वरच्या मुख्यालयाला सतत कळवायची आहे. ओळख, अक्षांश, रेखांश आणि वेळ हे सगळे काटकसरीने बांधले तर २० बाइटमध्ये बसते. दर ३० सेकंदांनी प्रत्येक गाडीचा एक अहवाल म्हटले तर सेकंदाला ५३३ बिट लागतात. लिंकचा पाचवा भाग गेला, तरी चालण्यासारखे आहे. पण हेच अहवाल जर कोणी सरळ इंटरनेटच्या पद्धतीने, आयपी आणि यूडीपी या इंटरनेटच्या नियमांचे २८ बाइटचे हेडर, म्हणजे पाकिटावरचा पत्ता, लावून पाठवले, तर प्रत्येक अहवाल ४८ बाइटचा होतो आणि तीच माहिती सेकंदाला १२८० बिट खाते. मजकुरापेक्षा पत्ताच मोठा झाला आणि अर्ध्याहून अधिक लिंक त्यातच संपली. हेडर आकसून दोन-तीन बाइटांवर आणणाऱ्या पद्धती आहेत. त्या वापरल्या तर हा आकडा पुन्हा ६०० च्या आसपास येतो. क्षमतेच्या वाटपाची चर्चा अनेकदा थेट अग्रक्रमापासून सुरू होते, पण माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा, की मुळात लिंकवर काय चढू द्यायचे. उभ्या असलेल्या गाडीने दर अर्ध्या मिनिटाला 'मी इथेच आहे' असे सांगण्याची काही गरज नसते. हलली तर सांगावे, न हलली तर अधूनमधून हजेरी द्यावी, एवढ्यावर निम्मे ओझे उतरते. (जाता जाता: देवनागरीतले एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या लिपी-संकेतात ३ बाइट घेते, त्यामुळे ५०० चिन्हांचा मराठी मजकूर या लिंकवर ५ सेकंद घेईल आणि तेवढ्याच लांबीचा रोमन मजकूर दोन सेकंदांच्या आत जाईल.)

आता वाटपाकडे येतो. ढोबळमानाने दोन टोके आहेत. एका टोकाला 'ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे' ही पद्धत. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये सुरू झालेले अलोहा हे रेडिओ जाळे याचे मूळ उदाहरण आहे. पॅकेट, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, तयार झाले की पाठवायचे, दोन पॅकेटांची टक्कर झाली की थोडे थांबून पुन्हा पाठवायचे. या साध्या पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होतो. वेळेचे ठरावीक तुकडे पाडून प्रत्येकाने तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलायचे असे केले तर तो ३७ टक्क्यांच्या जवळ जातो. आकडा लहान आहे ही खरी अडचण नाही. खरी अडचण पुढे आहे: या शिखरानंतर गर्दी आणखी वाढली की पोहोचणारे संदेश वाढत नाहीत, उलट घटतात, कारण सगळा वेळ टकरींत आणि पुन्हा पाठवण्यात जातो. म्हणजे ही पद्धत शांततेच्या दिवशी उत्तम चालते आणि चकमक सुरू होऊन सगळे एकदम बोलू लागले की नेमकी त्याच मिनिटाला बसते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आपल्याकडे मोबाइल नव्हता. आज तसे काही घडले तर प्रत्येक जण त्याच मिनिटाला घरी फोन लावील. मोबाइलच्या जाळ्यातही म्हणूनच प्रत्येक सिमकार्डाला एक प्रवेशवर्ग दिलेला असतो. सर्वसामान्यांचे ० ते ९, आणि ११ ते १५ हे वर्ग पोलीस, आपत्कालीन सेवा वगैरेंसाठी राखीव, म्हणजे वेळ पडली तर सामान्य वर्गांना दारातच थांबवता येते.

दुसऱ्या टोकाला ठरलेल्या पाळ्या आहेत. नाटो देशांच्या लढाऊ विमानांत आणि जहाजांवर वापरली जाणारी लिंक-१६ हे त्याचे सर्वात नेमके रूप म्हणता येईल. तिथे एक सेकंद १२८ स्लॉटमध्ये, म्हणजे पाळीच्या तुकड्यांत, कापलेला आहे, म्हणजे एक स्लॉट ७.८१२५ मिलिसेकंदांचा, १२ सेकंदांच्या एका चौकटीत असे १५३६ स्लॉट, आणि कोणत्या स्लॉटमध्ये कोण बोलणार हे बहुतांशी मोहिमेआधीच आखून संचांत भरलेले असते. प्रत्येक स्लॉटच्या शेवटी रेडिओलहर दूरच्या विमानापर्यंत पोहोचेपर्यंत गप्प बसण्याचा काळ राखलेला असतो. ३०० सागरी मैल, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर जायला लहरीला १.८५ मिलिसेकंद लागतात; स्लॉटचा जवळजवळ चौथा हिस्सा केवळ वाट पाहण्यात जातो. त्याहून जुन्या लिंक-११ मध्ये मध्यवर्ती स्टेशन एकेकाला हाक मारते आणि हाक आली की त्याने बोलायचे, अशी हजेरीची पद्धत होती.

आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची शेजपाळी असते, तिचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही. पाळीपत्रकात ज्याचा वार आणि तास लिहिला आहे त्याने त्या वेळी दार उघडायचे. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, शेतकऱ्याला पाणी मिळावे म्हणून अनेकदा टेलकडून हेडकडे पाळ्या लावतात, कारण हेडवाल्याला आधी दिले की खाली काय उरते ते पाथरी-मानवतच्या माणसाला सांगायला नको. ज्याचे रान आधीच ओले आहे तो त्याच्या तासाला दार उघडत नाही, पाणी पुढे जाते किंवा चारीतून वाहून जाते, आणि पाहणारा म्हणतो, बघा, पाणी वाया गेले. अभियंत्याची पहिली प्रतिक्रिया तीच असते. दहा स्टेशनांना दोन-दोन सेकंदांचे दहा स्लॉट दिले आणि एकच स्टेशन बोलत असेल, तर ९० टक्के वेळ हवा रिकामी आहे. असे आकडे कोणत्याही आढावा बैठकीत टिकत नाहीत.

आणि इथेच माझे मत अभियंत्याच्या पहिल्या प्रतिक्रियेपेक्षा वेगळे पडते. त्या दहा स्लॉटच्या रचनेत प्रत्येक स्टेशनच्या कमांडरला एक गोष्ट ठामपणे माहीत असते: काहीही झाले तरी २० सेकंदांच्या आत माझी पाळी येईल. खुल्या पद्धतीत सरासरी थांबणे कदाचित दोनच सेकंदांचे असेल, पण सर्वात वाईट थांबणे किती, याला वरची मर्यादाच नसते. तोफखान्याचा मारा थांबवा, खाली आपलीच माणसे आहेत, असा संदेश देणाऱ्याला सरासरीचा काही उपयोग नसतो. रिकामा गेलेला स्लॉट ही त्या खात्रीची किंमत आहे आणि ती मोजायला फौज तयार असते, असायलाच हवी. आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. शत्रूला आपला संदेश उलगडता आला नाही तरी रेडिओवरची वर्दळ मोजता येते. हल्ल्याच्या आदल्या रात्री वर्दळ एकदम वाढली की त्याला हवे ते कळते. काही जाळ्यांत म्हणून ठरलेल्या स्लॉटमध्ये काही सांगायचे नसले तरी निरर्थक बिट भरून पाठवतात, म्हणजे कामाचा दिवस आणि रिकामा दिवस बाहेरून सारखाच दिसतो. अर्थात बोलत राहिले की ठिकाण उघडे पडते, त्यामुळे हा उपाय मोठ्या स्थिर स्टेशनांना जमतो, डोंगरात लपलेल्या गस्तीला नाही.

रिकामा स्लॉट शेजाऱ्याला उसना द्यावा, ही कल्पना कागदावर छान दिसते. उपग्रहावरच्या २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलांसाठी मागणीनुसार वाटप करणारी मानके बनली आहेत आणि ती चालतातही, कारण तिथे एक मध्यवर्ती नियंत्रक सर्वांना ऐकू येतो. जमिनीवर, टेकड्यांच्या आड, प्रत्येकाला प्रत्येक जण ऐकू येत नाही. तिथे उसना दिलेला स्लॉट परत मागायलाही हवेतच बोलावे लागते, आणि ते मागणेच पोहोचले नाही तर मालक स्वतःच्या स्लॉटमध्ये दुसऱ्यावर आदळतो. म्हणून मला पटणारी रचना मधली आहे. प्रत्येकाला जगण्यापुरता छोटा पण पक्का वाटा द्यावा, त्याला कोणी हात लावू नये; उरलेली क्षमता मागणी आणि अग्रक्रम पाहून वाटावी. पक्का वाटा किती मोठा असावा, हे लिंकच्या चांगल्या दिवसावरून नव्हे तर वाईट दिवसावरून ठरवावे.

अग्रक्रमाच्या श्रेणी जुन्या आहेत. नाटोच्या पद्धतीत फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी आणि रूटीन अशा चार, उतरत्या क्रमाने. बोलण्यात असो वा लेखी संदेशात, श्रेणी मजकुराच्या आधी येते, आणि वरच्या श्रेणीचा संदेश आला की खालचे काम थांबवून त्याला वाट द्यायची. हे ऐकायला सोपे आहे. पण डिझेलची मागणी रूटीन म्हणून पाठवली, वर सतत इमिजिएट येत राहिले, ती रांगेत तळाशी पडून राहिली, आणि टाकी कोरडी पडली की तीच मागणी फ्लॅश होऊन येते, तेव्हा दोष कोणाचा? मागणी वेळेत पाठवणाऱ्याचा तर नक्कीच नाही. थांबलेल्या संदेशाची श्रेणी वेळेनुसार वर सरकायला हवी, किंवा प्रत्येक श्रेणीला निदान थोडा वाटा राखून ठेवायला हवा. असे केले नाही तर लोक हळूहळू सगळेच इमिजिएट लिहू लागतात, आणि मग श्रेणी लिहिण्याचे कष्ट तेवढे उरतात.

शिवाय तातडी आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच श्रेणीत कोंबल्या जातात असे मला नेहमी वाटते. हुकूम उशिरा पोहोचला तरी पोहोचलाच पाहिजे. आवाज मात्र थांबू शकत नाही. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज वाटते, आणि अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला की माणसे एकमेकांवर बोलू लागतात. गाडीची स्थिती या दोन्हींपेक्षा निराळी. नवी स्थिती आली की जुनी निरुपयोगी होते, म्हणून तिला रांगेत मागे उभे करण्याऐवजी रांगेतल्या जुन्या अहवालाच्या जागीच नवा ठेवायला हवा. हे केले नाही तर वरच्या मुख्यालयाच्या नकाशावर गाड्या चार मिनिटांपूर्वीच्या जागी दिसत राहतात, आणि नकाशा ताजा आहे असे समजून त्यावर निर्णय घेतले जातात.

रांगेचा विषय निघालाच आहे तर तिच्या लांबीबद्दलही सांगतो. २४०० बिटच्या लिंकसमोर ६४ किलोबाइटचा बफर, म्हणजे थांबलेले संदेश साठवणारी जागा, ठेवला आणि तो भरला, तर तो रिकामा व्हायला साडेतीन मिनिटांहून अधिक लागतात. घरच्या राउटरमधला हा आकार इथे घातक आहे. फ्लॅशसाठी वेगळी रांग केली तरी एक अडचण राहतेच: १५०० बाइटचे एक पॅकेट हवेत सुटले की पुढचे ५ सेकंद लिंक त्याचीच. म्हणून अरुंद लिंकवर पॅकेट लहान कापावी लागतात, आणि लहान कापली की हेडरचा खर्च वाढतो, दोन्हीकडून कात्री.

एचएफवर यात इंटरलीव्हरची भर पडते. गोंगाटाच्या एका झटक्यात सलग बिट जाऊ नयेत म्हणून बिट वेळेत विखरून पाठवतात, आणि वर म्हटलेल्या मानकातला लांब इंटरलीव्हर ४.८ सेकंदांचा आहे; तेवढा साठा भरल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. त्यावर इंटरनेटचा टीसीपी, म्हणजे पोचपावती घेत घेत डेटा पाठवण्याची पद्धत, जसाच्या तसा चालवला तर प्रत्येक पोचपावतीसाठी लिंकची दिशा उलटवावी लागते, उशीर झाला की टीसीपीला वाटते पुढे गर्दी आहे, आणि गर्दी नसतानाच तो वेग कमी करत जातो. एचएफसाठी वेगळे प्रोटोकॉल लिहावे लागले ते याचसाठी.

आतापर्यंत लिंकची क्षमता ठरलेली आहे असे धरले, पण ती तशी नसते. दिवसा वातावरणातला डी-थर खालच्या वारंवारिता शोषून घेतो, रात्री तो थर विरतो, त्यामुळे सकाळी चालणारी वारंवारिता रात्री निरुपयोगी ठरते आणि उलटही. शत्रूने जॅमिंग, म्हणजे मुद्दाम गोंगाट सोडणे, सुरू केले की २४०० वरून ६०० किंवा ७५ वर उतरावे लागते. आवाजाच्या संकेतनानेही खूप मजल मारली आहे; जिथे पूर्वी डिजिटल आवाजाला १६,००० बिट लागत, तिथे आता मेल्पीसारखी पद्धत २४००, १२०० आणि गरज पडली तर ६०० बिटमध्येही कळण्यासारखा आवाज देते. म्हणजे क्षमता चौथाईवर आली तर आवाज टिकवून नकाशा बंद करायचा, की आवाज बंद करून छोटे लेखी संदेश चालू ठेवायचे, असा खराखुरा पर्याय समोर असतो. हा निर्णय यंत्रावर सोपवू नये. तो कमांडरने आधी, शांत डोक्याने घ्यायचा, आणि सिग्नलच्या माणसाने तो तक्त्यात उतरवायचा: अर्धी क्षमता राहिली तर काय बंद, चौथाई राहिली तर काय बंद, आणि शेवटी फक्त काय चालू. हा तक्ता सरावात लिंक मुद्दाम तोडून वापरून पाहिलेला नसेल, तर ऐनवेळी प्रत्येक शाखेचा अधिकारी ऑपरेटरच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो आणि वाटप ज्याचा आवाज मोठा त्याच्या हातात जाते.

शेवटचा मुद्दा संचाच्या पडद्यावरचा आहे. 'पाठवले' या एका शब्दाखाली तीन गोष्टी दडतात: संदेश रांगेत गेला, संदेश हवेत गेला, संदेश पलीकडे मिळाला. त्या वेगवेगळ्या दाखवल्या आणि रांगेत अंदाजे किती वेळ लागेल तेही दाखवले, तर पाठवणारा दुसरी वाट शोधू शकतो. अजूनही एक वाट शिल्लक असते ती डी.आर.ची, म्हणजे मोटारसायकलवरच्या डिस्पॅच रायडरची. ३२ जीबीचे मेमरी कार्ड खिशात घालून तो ४० मिनिटांत पुढच्या ठाण्यावर पोहोचला, तर हिशेबाने सेकंदाला १० कोटींहून अधिक बिट पोहोचले. फोटो त्याच्याकडे द्यावेत आणि लिंक हुकुमांसाठी मोकळी ठेवावी.